एकोणीस नावांची हाक

“प्रश्न सतरावा!” मी पट्टी टेबलावर आपटली. “तुमच्यात बाळाची पाचवी करतात की सहावी?”

“पाचवी,” आई म्हणाली. ती परातीत कणीक मळत होती.

“चूक! सहावी. आणि पूर्ण वाक्यात सांगायचं. ‘आमच्या जमातीत बाळाच्या जन्मानंतर सहाव्या दिवशी सटवाईची पूजा करून दाराशी चुलीची राख ओढली जाते.’ म्हण.”

“अगं, पण तुझी पाचवीच केली होती. मोनाची पण पाचवीच.”

“ते मला नको सांगूस. झेरॉक्समध्ये सहावी आहे.”

“आई, ती म्हणते ते म्हण ना गं,” मोनाताई कळवळून म्हणाली. “माझं वर्ष जाईल.”

आईने कणकेचा हात कपाळाला पुसला आणि म्हणाली, “आमच्या जमातीत बाळाच्या जन्मानंतर सहाव्या दिवशी…” आणि तिथेच अडकली.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी सातवीत होते. मोनाताईला मेडिकलला जागा मिळाली होती, आमच्या जमातीच्या कोट्यातून. आमच्या जमातीचं नाव मी इथे लिहीत नाहीये. ताईने सांगितलंय, नाव लिहिलंस की लोक गोष्ट वाचायची सोडून आमचा हिशेब करत बसतील. जागा मिळाली, पण दिवाळीच्या आत पडताळणीचं प्रमाणपत्र दिलं नाही तर ती जाणार होती. पडताळणी म्हणजे, तुम्ही जी जमात सांगता ती तुमची खरंच आहे का, हे सरकार तपासतं. आधी पोलीस येऊन शाळेचे दाखले बघून जातात. मग एक संशोधन अधिकारी घरी येतो. तुमचे देव कोणते, लग्नं कशी लावता, माणूस गेलं की काय करता, असं सगळं विचारतो, आणि तो लिहितो त्यावर बरंच काही ठरतं.

दाखल्यांचा आमचा घोळच होता. पप्पांचा शाळेचा दाखला होता, पण त्याच्या मागच्या पिढीचं काहीच नाही. आमचे आजोबा, त्यांना आम्ही बा म्हणतो, चौदा वर्षांचे असताना डोंगरातून संगमनेरला आले आणि साखर कारखान्यात लागले. शाळेत ते गेलेच नव्हते. कुठल्या गावाहून आले, ते कधी सांगायचे नाहीत. गाव विचारलं की रेडिओचा आवाज वाढवायचे. बास.

म्हणून मग तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्या अण्णांनी पप्पांना बेचाळीस प्रश्न आणि त्यांची उत्तरं आणून दिली. “पाठ करा, तोंडावर मारा,” ते म्हणाले. “आणि म्हाताऱ्याला बोलू देऊ नका. त्या लहानीला पण बाहेर पाठवा. पोरं कुठे काय बोलतील सांगता येत नाही.”

मी! बोलणार! हे ऐकून ताईसुद्धा हसली होती. घरात माझी पट्टी चालायची, पण उंबरा ओलांडला की मी मुकी. वर्गात मी ‘हजर’ म्हणायचे ते बाईंना ऐकूच जायचं नाही, सातवीच्या पहिल्या महिन्यात माझ्या नावापुढे नऊ दिवस गैरहजेरी लागली होती. आणि मी रोज शाळेत होते!

अधिकारी मंगळवारी येणार, असं पत्र होतं. सोमवारी सकाळी आम्ही नवं केलं.

नवं म्हणजे नवा भात. पहिला हळवा, म्हणजे लवकर पिकणारा, तांदूळ बाजारात आला की पप्पा थोडा आणतात. आई तो शिजवते. पण आम्ही खायच्या आधी तो मागच्या मोरीशेजारी, सागाच्या पानावर ठेवायचा. एक चिमूट ठेवायची आणि एक नाव घ्यायचं. आमच्यातलं गेलेलं माणूस. मग दुसरी चिमूट, दुसरं नाव. हे घरातल्या सगळ्यांत लहान मुलीने करायचं. “बारक्या पोरीचा आवाज लांब जातो,” बा म्हणायचे. आधी ताई करायची. दहाव्या वर्षी तिने सोडलं, कारण शेजारच्या पोरींनी ऐकलं आणि पूर्ण चाळीत पसरवलं, मोना भुतांना जेवायला बोलावते. मग ते माझ्याकडे आलं, आणि आईने नियम केला. दार लावायचं. नावं कुजबुजून घ्यायची.

खरी पद्धत ओरडून हाक मारायची. बा ऐकायचे आणि दरवर्षी तेच म्हणायचे, “पोरी, एवढ्या हळू बोलल्यावर त्यान्ला काय ऐकू जाणार?”

“बा, शेजारी ऐकतील,” आई म्हणायची.

“ऐकू दे की. शेजाऱ्यान्ला थोडंच जेवाया बोलावतोय.”

त्या सोमवारी मी एकोणीस चिमटी ठेवल्या, एकोणीस नावं कुजबुजून घेतली, हात धुतले आणि परत आत येऊन पट्टी घेतली. प्रश्न एकतिसावा विचारतच होते तेवढ्यात दार वाजलं.

दारात एक बाई होती. खांद्याला कापडी पिशवी, पायात साध्या चपला, वय असेल ताईपेक्षा दहाएक वर्षांनी जास्त. आईला वाटलं जनगणनेवाली आहे.

“मी नलिनी कुंभरे. संशोधन अधिकारी. उद्या यायचं होतं, पण उद्याच्या गावाचा रस्ता बंद आहे, म्हणून आजच आले. चालेल ना?”

 मी ज्या अधिकाऱ्याची तयारी करून घेतली होती तो जाडा होता, त्याला मिशा होत्या आणि तो खुर्चीत बसून ओरडत होता. ही तर चपला काढून सरळ सतरंजीवर बसली. पप्पांनी बांच्या अंगावर घाईने चादर टाकली.

“त्यांना बरं नाही,” पप्पा म्हणाले. “ऐकू पण येत नाही.”

“येतंय की,” बा चादरीतून म्हणाले.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर जा, असं ते बघणं होतं. पण बाहेर जायचं म्हणजे मॅडमच्या पायांवरून जावं लागलं असतं, इतकी आमची खोली लहान. मी स्वयंपाकघराच्या दारात थिजून उभी राहिले.

मॅडमने वही काढली आणि विचारायला सुरुवात केली. काय सांगू, आमचं कुटुंब असलं चमकलं! कुलदैवत, पप्पा. लग्नातली हळद, आई. हुंडा की देज, म्हणजे पैसे मुलीकडचे देतात की मुलाकडचे, ताई, एका दमात. मी दारात उभी राहून ओठांतल्या ओठांत प्रत्येक उत्तर म्हणत होते. मॅडम लिहीत होती. मग तिने बाळाची पूजा विचारली, आणि आईने डोळे मिटून न अडखळता सांगितलं, “आमच्या जमातीत बाळाच्या जन्मानंतर सहाव्या दिवशी सटवाईची पूजा करून दाराशी चुलीची राख ओढली जाते.”

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मॅडमने पेन खाली ठेवलं.

“ताई, तुमच्याकडे चूल आहे?”

“नाही. गॅस आहे.”

“मग राख कुठून आणली?”

आईने पप्पांकडे बघितलं. पप्पांनी माझ्याकडे. बेचाळीस प्रश्नांत हा प्रश्न नव्हता.

“रागावू नका,” मॅडम म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढलेला नव्हता, त्यामुळे तर जास्तच भीती वाटली. “या आठवड्यात हे वाक्य मी तिसऱ्या घरात ऐकतेय. तिन्ही घरांत ‘करून’ म्हटलं की सगळे एकाच जागी श्वास घेतात. ही पद्धत एका जुन्या पुस्तकातली आहे, आणि ती तुमच्या भागातली नाही. दोनशे मैल पलीकडची आहे.”

  ताईचा चेहरा मी आजपर्यंत विसरलेले नाही. त्यावर काहीच नव्हतं, फळा पुसल्यासारखा.

“तुम्ही खोटे आहात असं मी म्हणत नाही,” मॅडम म्हणाली. “पण मी जे ऐकलं तेच लिहू शकते. मला जे दिसलं तेच लिहू शकते. हात कुठे धुऊ?”

आईने मागचं दार दाखवलं. मॅडम मोरीशी गेली. पाणी पडल्याचा आवाज आला. मग थांबला. 

“ताई,” मॅडमने हाक मारली. “हे पान कशाचं?”

आई धावत गेली. मी तिच्या मागे. मॅडम मोरीशेजारी उकिडवी बसली होती, ओले हात गुडघ्यांवर.

“ते होय, ते चिमण्यांना,” आई म्हणाली. अण्णांनी बजावलं होतं, तुमच्यात भुताखेताचं काही असलं तर तोंडातून काढायचं नाही, फाइल तिथेच बंद होते. “उरलेला भात चिमण्यांना टाकतो आम्ही.”

“चिमण्यांना,” मॅडम म्हणाली. बोट न लावता ती मोजत होती. “सतरा, अठरा, एकोणीस. चिमण्यांना कोणी मोजून टाकतं का हो?”

“असंच ठेवलंय,” आई म्हणाली. तिचा पदर हातात चुरगळला होता.

“बरं.” मॅडम उठली. “मी निघते मग.”

ती उठली ना, तेव्हा मला कळलं की संपलं. ती दारातून गेली की ताईची जागा गेली. आणि एक आवाज आला, “चिमण्यांना नाही.”

तो माझा होता. मी स्वतःच दचकले.

“चैताली!” आई म्हणाली.

“चिमण्यांना नाही ते. ते माणसांचं आहे.”

“कुठल्या माणसांचं, बाळा?” मॅडम परत उकिडवी बसली. माझ्याएवढी झाली.

“गेलेल्या.”

आईने कपाळावर हात मारला. आतून पप्पांचा आवाज आला, “काय चाललंय?” ताई दारात येऊन उभी राहिली आणि मानेने नाही, नाही, नाही करत राहिली. पण मी आता थांबूच शकत नव्हते, बाटली उघडल्यावर सोडा थांबतो का?

“कशी ठेवतेस? दाखवशील?”

मी पहिल्या चिमटीवर बोट धरलं आणि कुजबुजले, “उंबरदऱ्याचा धावजी.”

“ऐकू नाही आलं.”

“अगं, त्यान्ला पण नाही आलं!” मागून बा ओरडले. चादर गळ्यात घेऊन ते दारापर्यंत आले होते. “पोरी, हाक मार! आज तरी मार!”

आणि मी मारली.

“उंबरदऱ्याचा धावजी, येऽऽ! जेवायला येऽऽ! धावजीची बुधी, येऽऽ! उंबरदऱ्याचा भागा, येऽऽ! वाघजाळीची ठकी, येऽऽ!”

शेजारची खिडकी उघडली. समोरच्या बाल्कनीत दोन बायका आल्या. कोणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं. मला माहीतच नव्हतं की माझ्यात एवढा आवाज आहे! सोमा, लक्ष्या, राघू, चिमी. एकेक चिमूट, एकेक हाक. बा प्रत्येक नावाला मान हलवत होते. एकोणिसावं नाव आजीचं. ते घेताना बांनी चादरीचं टोक डोळ्यांना लावलं.

संपलं तेव्हा माझा घसा चरचरत होता आणि चाळीतली सगळी पोरं गॅलरीत होती.

मॅडमने शाबास म्हटलं नाही. हसलीसुद्धा नाही. तिने वही उघडली आणि म्हणाली, “परत सांग. सावकाश.” मी सांगितलं. मग तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग बांकडे वळून म्हणाली, “बाबा, हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

“शिकवतंय कोण? आमची धाकली भन हाका मारायची, हिरी. ऐकून ऐकून ध्यानात राहिलं.”

“आणि हे उंबरदरा कुठे आलं?”

बांनी रेडिओकडे बघितलं. रेडिओ आतल्या खोलीत होता.

“बाबा?”

“डोंगरात,” बा म्हणाले. “घाटाच्या पल्याड.” आणि आत जाऊन पडले, भिंतीकडे तोंड करून.

मॅडमने वही पिशवीत घातली, चहा नको म्हणाली आणि गेली.

त्यानंतरचा अर्धा तास मला नीट आठवत नाही. पप्पांनी अण्णांना फोन लावला आणि स्पीकरवर अण्णा म्हणाले, “भुतांना जेवण? अधिकाऱ्यासमोर? मग मला कशाला फोन करता, संपलं.” आई मोरीपाशी बसून राहिली. आणि ताई, जिच्या ओढणीला धरून मी शाळेत जायला शिकले ती ताई, माझ्यासमोर उभी राहून अगदी हळू म्हणाली, “आयुष्यात एकदा तोंड उघडलंस, चैतू. एकदाच. आणि माझं वाटोळं केलंस.”

पुढचे एकवीस दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी शाळेत गेले की पोरं “धावजी येऽऽ” म्हणायची. मी परत मुकी झाले. नुसती मुकी नाही, मी मनात शपथ घेतली की आता कधीच नाही.

मग समितीपुढे सुनावणीचं पत्र आलं. सगळ्यांना बोलावलं होतं, बांनासुद्धा. समिती म्हणजे एका मोठ्या टेबलामागे बसलेली तीन माणसं. त्यांनी कागद उलटले, पप्पांना दोन प्रश्न विचारले, बांना नाव विचारलं, वडलांचं नाव विचारलं, आणि मधले साहेब म्हणाले, “ठीक आहे. प्रमाणपत्र दुपारी घेऊन जा.”

पप्पा म्हणाले, “म्हणजे?”

“म्हणजे वैध. तुमची बाजू सिद्ध झाली आहे.”

ताई मटकन खाली बसली. खुर्ची नव्हती तिथे.

आम्ही बाहेर आलो. कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर कुंभरे मॅडम डबा खात बसली होती, भाकरी आणि मेथी. मला बघून तिने बाकावर हात थोपटला. मी गेले. बाकीचे मागोमाग आले.

“कसं काय?” पप्पांनी विचारलं. “आमच्याकडे तर जुना कागदच नव्हता.”

“होता. तुमच्या पोरीच्या तोंडात होता.” मॅडमने घास गिळला. “उंबरदरा नकाशात सापडायला दोन दिवस गेले. सहा घरांचा पाडा आहे. त्या भागाच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत ‘भागा धावजी, राहणार उंबरदरा’ सापडला. त्याच्या मुलाच्या जन्माची नोंद आहे, इंग्रजांच्या काळातली. जमातीच्या नावासकट. मुलाचं नाव सोमा. हिच्या यादीत पण भागानंतर ठकी आणि मग सोमाच आहे. नोंदवहीतली चार नावं हिने घेतली त्याच क्रमाने लागली. हे कुठलाही झेरॉक्सवाला पाठ करून देऊ शकत नाही.”

ताईने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला एकवीस दिवसांचा राग होता!

“मॅडम,” मी म्हणाले. “तुम्ही काय शिकलात?”

“मानववंशशास्त्र.”

“म्हणजे?”

“माणसं कशी जगतात ते बघायचं. त्यांच्याऐवजी आपण उत्तर द्यायचं नाही, एवढं मुख्य.”

“आणि त्यात नोकरी लागते?” पप्पांनी विचारलं. त्यांना राहवलंच नाही.

मॅडम मोठ्याने हसली. “माझे वडील अजून हेच विचारतात. मी पाच वर्षं नोकरीत आहे तरी! आमच्या वर्गात अकरा जण होतो. एक जण दवाखान्यात आहे, टीबीचे पेशंट गोळ्या मधेच का सोडतात ते शोधतो. एक जणी धरणात गेलेल्या गावांचं काम करते, लोकांना नवीन गावात घर दिलं पण विहीर दिली नाही तर काय होतं, असं. एकाला कुकरच्या कंपनीने घेतलंय. तो लोकांच्या स्वयंपाकघरात बसून असतो आणि बायका शिट्ट्या कशा मोजतात ते लिहितो.”

“त्याला पगार देतात?” आई म्हणाली.

“माझ्यापेक्षा जास्त.”

मी मनात ठरवून टाकलं, तिथेच, मेथीच्या वासात. ते अजून ठरलेलंच आहे. परवा दहावीच्या वर्गात करिअर मार्गदर्शनाच्या तासाला सरांनी विचारलं आणि मी उभी राहून खणखणीत सांगितलं. सर म्हणाले, “त्यात स्कोप काय?” मी म्हणाले, “सर, कुकर.” अख्खा वर्ग हसला. हसू दे. पण ते नंतरचं.

तेव्हा मॅडमने डबा बंद केला, हात पुसले आणि पिशवीतून वही काढली. ती अचानक गंभीर झाली.

“बाबा,” ती बांना म्हणाली, “एक गोष्ट अहवालात आहे, पण तुम्हाला मी तोंडाने सांगायला हवी. मी उंबरदऱ्याला जाऊन आले. तिथे तुमच्या घरात आता एक जाई नावाची पोरगी आहे, आठ वर्षांची. तिला मी विचारलं, नव्याला कोणाकोणाला हाक मारतेस? तिची आणि हिची अठरा नावं एक आहेत. पुढे तिच्याकडे चार नावं जास्त आहेत.”

“कोनाची?” बांनी विचारलं.

“गोमा.”

“बाप माझा,” बा म्हणाले. त्यांनी बाकाची पाठ धरली. “कधी गेला?”

“ते नाही विचारलं. मग यसू.”

“आई.”

“काळू.”

“थोरला.” बांचा आवाज आता नुसती हवा होता. “आनि चौथं?”

मॅडमने वहीत बघितलं नाही. तिला पाठ होतं.

“नवसू.”

 आमच्या बांचं नाव नवसू आहे.

“पंचावन्न वर्षं,” मॅडम म्हणाली. “खाली उतरलात त्या वर्षी घाटात पूर आला होता. कोणीतरी येऊन सांगितलं की पोरगा वाहून गेला. तेव्हापासून दर नव्याला तुमची चिमूट ठेवतात.”

मला वाटलं बा पडतील. आई पुढे झाली. पण बांनी बाकाची पाठ सोडली नाही.

“म्या भांडून आलो हुतो,” ते शेवटी म्हणाले. “बापाने मारलं, मंग रागानं उतरलो. पुन्हा जाऊ म्हणलं. आधी रागात ऱ्हायलो. मंग लाजेत ऱ्हायलो.”

“तुम्ही त्यांना सांगितलंत का? हे जिवंत आहेत म्हणून?” ताईने विचारलं.

“नाही,” मॅडम म्हणाली. “मी बघायला जाते. सांगायचं काम माझं नाही, तुमचं आहे.” मग ती उठली आणि पिशवी खांद्याला लावताना म्हणाली, “डोंगरात भात उशिरा येतो. त्यांचं नवं येत्या रविवारी आहे.”

रविवारी आम्ही गेलो. पाची जण. जीप जिथे थांबली तिथून दीड तास चढ. ताईने सगळ्या चढावर माझा हात धरला होता आणि अर्ध्यात म्हणाली, “चैतू, मी वाईट बोलले.” मी म्हणाले, “हो.” मग म्हणाले, “चल.” दम लागला होता, जास्त भांडता येत नव्हतं.

पाड्यावर पोचलो तेव्हा घरामागे माणसं जमली होती. वीसेक असतील. मध्ये सागाचं पान, पानासमोर उकिडवी बसलेली, दोन वेण्या घातलेली पोरगी. आमच्याकडे कोणी बघितलं नाही, कारण हाका सुरू झाल्या होत्या. मी तोंडावर हात ठेवला. माझीच नावं होती! माझाच सूर होता, धावजीच्या ‘जी’वर तोच चढ, ठकीला तोच झोल. डोंगर ती हाक घेऊन परत पाठवत होता. इथे कोणी दार लावलेलं नव्हतं.

बा पुढे सरकायला लागले. पप्पांनी त्यांची बाही धरली. बांनी ती सोडवली.

“गोमा, येऽऽ!” बा थांबले. “यसू, येऽऽ!” बांनी डोक्यावरची टोपी काढली. “काळू, येऽऽ!”

पोरीने शेवटची चिमूट पानावर ठेवली, तोंड दरीकडे केलं आणि पूर्ण ताकदीने ओरडली, “नवसू, येऽऽ! जेवायला येऽऽ!”

“ओ,” बा म्हणाले.

पोरगी किंचाळली नाही. ती तशीच वळली, भात लागलेली बोटं हवेत. सगळे वळले. एका आजीच्या हातातला तांब्या खाली पडला आणि पाणी पानापर्यंत वाहत आलं. 

ती आजी बांच्या अगदी जवळ आली. कमरेत वाकलेली, कपाळावर गोंदण. बांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने त्यांचा डावा कान उलटा करून मागे बघितलं, तिथे जुनी खोक होती. मला ती तोपर्यंत माहीत नव्हती.

“पयली हाक म्याच मारली हुती,” ती म्हणाली. “अकरा वर्साची हुते. घसा बसंपोत मारली. तवा का नाय ओ दिलीस?”

“हिरे,” बा म्हणाले.

हिरी आजीने त्यांच्या पाठीत एक जोरदार गुद्दा घातला. मग दंड धरला आणि पानाशी घेऊन गेली. पान ओलं झालं होतं. शेवटच्या चिमटीकडे तिने बोट दाखवलं.

“तुझंच हाये,” ती म्हणाली. “उचल. गार झालंय.”

बांनी वाकून आपली चिमूट उचलली आणि खाल्ली.